आषाढातला पौष

काल सकाळी गॅलरीत ओलं गोणपाट दिसलं. घट्ट गुंडाळलेलं, सुतळीने दोन ठिकाणी बांधलेलं, तुळशीच्या कुंडीआड ठेवलेलं. म्हणजे मामांनी सोयाबीनची उगवण तपासायला घेतली. दरवर्षी मृगाच्या आधी ते हे करतात. शंभर दाणे मोजायचे, ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करायची, रोज पाणी शिंपडायचं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी उघडून किती दाण्यांना मोड आले ते बघायचं. सत्तरच्या वर आले तर बी पेरायला घ्यायचं. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात. जमीन कंधारजवळच्या गावात आणि आम्ही सगळे नांदेडात, त्यामुळे हंगामाची पहिली चाहूल मला शेतात लागत नाही. ती गॅलरीत लागते, ओल्या तागाच्या त्या उग्र वासाने.

वास आला की मी कामाला लागते. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे मी. नोकरीची पहिली नऊ वर्षं किनवटला काढली. तिथे पावसाळ्यात ओढा आला की दोन-दोन दिवस गाडी यायची नाही. तेव्हा मीठ, काडेपेटी, तापाच्या गोळ्या यांची यादी भिंतीला लावून ठेवायची जी सवय लागली ती गेली नाही. आजही माझ्या पर्समध्ये वही असते आणि वहीत आजच्या दिवसाचं पान असतं. पण काल त्या वासाने पान भरेना. मी गॅलरीत उभी राहिले आणि दोन वर्षांपूर्वीचा मृग डोळ्यांसमोर आला. त्या वर्षी या गॅलरीत हे गोणपाट मामांनी नव्हतं ठेवलं. मामा तेव्हा न्यूझीलंडला होते.

ते तिकडे कसे गेले, हे सांगायला सोपं आहे. माघात लातूरला एका लग्नात आमचे देवणीकडचे लांबचे नातेवाईक भेटले. बालाजीराव. वीस वर्षं तिकडेच असतात. त्यांच्या शहरातल्या मराठी मंडळींनी एक जुना हॉल घेऊन विठ्ठलाचं मंदिर केलं होतं. मूर्ती आली, कळस झाला, पण सगळे नोकरदार. पहाटे काकडा करणार कोण, नैवेद्य रांधणार कोण, शनिवारच्या प्रसादाला शंभर पानं उठतात ती वाढणार कोण? त्यांना सहा महिन्यांसाठी एक सेवेकरी जोडपं हवं होतं. राहायला मंदिरामागे दोन खोल्या, जाण्यायेण्याचं मंडळ बघणार.

मामांचा चेहरा उजळला, हे मी पाहिलं. गावाकडच्या देवळात चातुर्मासभर झाडलोट करणारा माणूस. आणि लगेच तो चेहरा उतरला, तेही पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "पाडव्याला गेलो तर मृग चुकंल." पन्नास वर्षांत त्यांनी एक पेरणी चुकवली नव्हती. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. बोलले मी. म्हटलं, एका मृगाला दिलीप उभा राहील की. दिलीप म्हणजे माझा नवरा, पाटबंधारे खात्यात. त्याने आयुष्यात फायलींशिवाय काही पेरलेलं नव्हतं. तरी मी ते इतक्या झटकन बोलले की माझं मलाच ऐकू आलं.

का बोलले ते मला माहीत होतं. घर चार खोल्यांचं. पहाटे साडेचारला देवघरातली घंटा. मी फोडणी घातली की मागून आत्याबाईंचा हात हिंगाच्या डबीकडे. मी डबी जिथे ठेवायची तिथून ती रोज वीतभर सरकलेली. भांडण नव्हतं. कधीच नव्हतं. पण त्या वर्षी मी फार दमले होते, आणि सहा महिने हे घर फक्त आपलं असेल, या विचाराने माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरलं होतं. हे मी कुठल्याही पानावर लिहिलं नाही. पण समोरच्या काकूंनी ते वाचलं. जिन्यात भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "बरी सोय लावलीस बाई. लोक सासू-सासऱ्यांना आश्रमात ठेवतात, तू देवाच्या दारात ठेवलंस." मी हसून वर आले. हसू आमच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत टिकलं नाही.

मग मी जी यादी केली ती आमच्या खानदानात कुणी केली नसेल. सेहेचाळीस बाबी. बीपीच्या गोळ्या दोन जागी. चष्म्याची जादा जोडी. टाळ एक जोड. शेंगदाण्याची चटणी बंद पाकिटात, आणि उतरल्यावर ती दाखवायचीच, असं ठळक अक्षरात. त्या देशात बी-बियाणं नेऊ देत नाहीत हेही मी वाचून काढलं होतं. निघायच्या दिवशी मामांच्या उपरण्याच्या टोकाला गाठ दिसली तेव्हा मी हात पुढे केला. त्यांनी गाठ सोडून मूठभर भेंडीचं बी माझ्या तळहातावर ठेवलं, शाळेत पकडलेल्या पोरासारखं. आणि बाब एकतीस: स्वेटर, एकेक पुरे. कारण निघणार चैत्रात, परतणार दसऱ्याला. मधे सगळा उन्हाळा-पावसाळा. थंडीच्या आत परत.

पहिले तीन आठवडे मी खरंच सुखात होते. सकाळी सहाला उठायचं. चहा घेऊन गॅलरीत बसायचं, पेपरची पुरवणीसुद्धा वाचायची. रात्रीचं पिठलं नऊला नको, सातलाच करून टाकायचं. हिंगाची डबी जिथल्या तिथे. वसतिगृहातून दुपारी सुटी झाली की फोन लावायचा, तेव्हा तिकडे दिवेलागण झालेली असे. पडद्यावर आधी छत दिसायचं, मग आत्याबाईंचं कपाळ, मग कुणीतरी फोन सरळ करून द्यायचं.

बातम्या मजेच्या असत. पहिल्याच भाकरीला छताला लावलेलं धुराचं यंत्र कोकलायला लागलं आणि मामांनी तवा घेऊन अंगणात धाव घेतली. आरतीच्या कापरालाही ते यंत्र ओरडतं, म्हणून आता आरतीच्या वेळी एकजण खुर्चीवर उभा राहून त्याला टॉवेलने वारा घालतो. मामा त्याला चवरी ढाळणारा म्हणतात. स्वयंपाकाला मदतीला येणाऱ्या बायकांत निम्म्या तेलुगू. आणि आत्याबाई त्यांच्याशी तेलुगू बोलून राहिल्या होत्या. मी फोन हातात धरून ऐकतच राहिले. त्यांचं माहेर देगलूरकडचं, हे मला ठाऊक होतं. लहानपणी दारात तेलुगू बोलत असणार, हेही सुचायला हवं होतं. पण चोवीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढून मी त्यांच्या तोंडून त्या भाषेतला एक शब्द ऐकला नव्हता. त्या भाषेत त्या वेगळ्याच हसायच्या. मोठ्याने, मान मागे टाकून. मी दिलीपला म्हटलं, आपल्या आईला असं हसता येतं, तुला माहीत होतं का? त्यालाही नव्हतं.

मामांच्या बातम्या मात्र जरा चमत्कारिक होत्या. चैत्र सरत आला तरी त्यांना एका झाडाला पालवी दिसेना. उलट पानं पिवळी पडून गळून राहिली होती. त्यांनी बालाजीरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या गावातल्या झाडांना रोग पडलाय. औषध मारा, न्हाई तर एक बी झाड वाचायचं न्हाई." बालाजीराव बरं म्हणाले. मोठ्या माणसाला तोंडावर काय सांगणार? मीही हसले. हसून वहीतली पुढची ओळ बघायला लागले. तिथेच मला कळायला हवं होतं.

वैशाखाच्या शेवटी आत्याबाई म्हणाल्या, इथं थंडी वाढून राहिली. मी म्हटलं, थंडच देश आहे तो. मामांचंही तेच मत होतं: देशच थंड. त्यांनी दिलीपला फोनवरून गोणपाट गुंडाळायला शिकवलं, दाणे मोजताना तो चुकला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. इकडे आमच्या रानात तिफणीच्या जागी ट्रॅक्टर आला, दिलीप छत्री घेऊन बांधावर उभा राहिला, पेरणी झाली. आणि तिकडे त्याच आठवड्यात मामांनीही मृग साधला. मंदिरामागे हिरवळीचा तुकडा होता. त्यांनी तो खोदून दोन वाफे केले, बाजारातून भेंडीची आणि दोडक्याची पाकिटं आणवली, पूर्वेला तोंड करून, नमस्कार करून बी टोचलं. देवाच्या नैवेद्याला स्वतःच्या हातची भाजी. मंडळातली तरणी पोरं कौतुकाने फोटो काढत होती. ती सगळी संगणकावर काम करणारी. शेतकऱ्याला पेरणी कधी करायची हे कोण सांगणार? आणि शेतकऱ्याने पंचांग सोडून कुणाला विचारावं?

आठ दिवस गेले. बारा गेले. वाफ्यात काही दिसेना. इकडे आमचं सोयाबीन दोन पानांवर आलं, दिलीपने मोठ्या अभिमानाने फोटो पाठवला, आणि त्या दिवसापासून मामा फोनवर यायचे थांबले.

आधी माझ्या ते लक्षात आलं नाही. आत्याबाई सांगायच्या, देवळात हायत, आंघोळीला गेलेत, पडलेत जरा. चौथ्या दिवशी मी वहीत लिहिलं: मामा, चार दिवस. सातव्या दिवशी बालाजीरावांचाच फोन आला. मामांनी परतीचं तिकीट लवकरचं मिळतं का, असं विचारलं होतं. वाफे उकरून बघितलं तर बी कुजून गेलेलं. ते पहाटे गार पाण्याने आंघोळ करून अनवाणी काकडा करत होते, खोकत होते, आणि कुणाशी बोलत नव्हते. फक्त एकदा बालाजीरावांना म्हणाले होते, "पन्नास वर्सात माझ्या हातचं बी मेलं न्हवतं. देवाला माझी सेवा नको हाय."

त्या दुपारी मी जेवले नाही. अडचण सोपी असती तर मी यादी केली असती. पण ही कशी लिहायची? गावच्या देवळात नारळावर हात ठेवून सहा महिन्यांच्या सेवेचा संकल्प केलेला माणूस अर्ध्यात परत आला, तर तो विमानाने घरी येईल पण पुन्हा त्या देवळात उभा राहणार नाही. देवाने परत धाडलं, असं स्वतःबद्दल धरून बसेल. आणि खोकल्याचं काही वेगळं निघालं तर? त्यांना तिथे कुणी ढकललं होतं? मी. कशासाठी? सकाळच्या पेपरच्या पुरवणीसाठी. जिन्यातून चढताना मी काकूंच्या दाराकडे बघायचं टाळायला लागले. रिकाम्या घरात हिंगाची डबी जागच्या जागी बघितली की मी स्वयंपाकघरातून बाहेर पडायची.

आत्याबाईंशी मी चार शब्द वाढवून बोलले. त्यांना तरी परत यायचं होतं का? त्या म्हणाल्या, "मला न्हाई यायचं. हितं मला माणसं नावानं हाका मारतेत." मग म्हणाल्या, चार दिवस थांब, बालाजीला बी सांग थांबायला.

पुढे काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्याने कळलं. आत्याबाईंनी भेंडीच्या पाकिटाच्या तळातलं उरलेलं बी घेतलं. गोणपाट नव्हतं, म्हणून जुन्या लुगड्याचा पदर फाडला. दाणे मोजले, मांडले, गुंडाळी केली. त्या घरांत गरम पाण्याची टाकी एका कपाटात असते आणि ते कपाट नेहमी उबदार असतं. तिथल्या बायका त्यात चादरी ठेवतात. आत्याबाईंनी तिथे, चादरींच्या मागे, ती गुंडाळी ठेवली. नवऱ्याला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी काकडा झाल्यावर त्यांनी मामांना कपाटापुढे बसवलं आणि पदर उलगडला. वीसपैकी सतरा दाण्यांना पांढरे मोड.

त्या म्हणाल्या ते वाक्य मला मामांनीच नंतर सांगितलं. "बी खोटं न्हाई. तुमचा हात बी खोटा न्हाई. महिना खोटा हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लावला तर पडद्यावर थेट मामांचं तोंड. डोक्याला लोकरीची टोपी, तिच्यावर कुठल्याशा खेळाच्या संघाचं चिन्ह. ते बोलले ते असं बोलले, जणू मला नवं शास्त्र शिकवतायत. "सुरेखा, ऐक. हितं आषाढात पौष हाय. आपल्या उलटं. ती झाडं आजारी नव्हती, पानगळ होती ती. सकाळी गवतावर पांढरं पडतंय, मीठ पेरल्यावानी. कोण मृग साधतंय अशात?" आणि मग, जरा चिडून: "कुणी बोललं बी न्हाई." मी म्हटलं, मामा, मीपण नाही बोलले. मी तुम्हाला एकेक स्वेटर दिला. मी शिकलेली बाई, वसतिगृहात दहावीच्या मुलींना रोज भूगोलाचा अभ्यास करा म्हणून ओरडते, आणि मला पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात उलटे ऋतू असतात हे सुचलं नाही. त्यावर ते इतके हसले की खोकला आला. खोकल्याला मी त्याच दिवशी डॉक्टर, कोमट पाण्याची आंघोळ आणि देवापुढे लोकरीचे मोजे चालतात, असा तिन्हींचा निकाल लावून टाकला. मोज्यांवर मामा दोन दिवस अडून बसले. शेवटी बालाजीरावांनी गावच्या महाराजांना फोन लावून दिला आणि महाराज म्हणाले, पांडुरंगाला पाय नाही लागत, मन लागतं. तेव्हा कुठे मोजे चढले.

त्या फोननंतर मी खुर्चीवर किती वेळ बसून होते कुणास ठाऊक. सुटका झाली की माणूस नाचत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याला भूक लागते. मी डब्यातली गार पोळी उभ्या-उभ्या खाल्ली आणि पुन्हा एक काढली.

उरलेले तीन महिने वेगळे गेले. मामांनी पंचांग देवाच्या तिथींपुरतं ठेवलं, आणि जमिनीसाठी डोळे वापरायला लागले. कुठलं झाड आधी फुटतं, पक्षी काड्या कधी नेतात, दुपारी माती हाताला किती गार लागते. भाजी काही त्यांच्या वाट्याला येणार नव्हती. दसऱ्याला ते परतणार आणि तिथला पेरणीचा काळ त्यानंतर सुरू होणार. म्हणून त्यांनी जमीन तयार करायला घेतली. मंदिरात रोज निघणारी हार-फुलं पूर्वी पिशव्यांत भरून कचऱ्यात जायची. मामांना ते बघवत नव्हतंच. त्यांनी वाफ्याशेजारी खड्डा केला, निर्माल्य, भाजीची देठं, चहाचा चोथा थरावर थर देऊन बुजवला. संगणकवाली पोरं शनिवारी प्रसादानंतर बाह्या सरसावून उलथापालथ करायला यायला लागली. आत्याबाई नऊवारीवर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून तिथे उभ्या असलेला एक फोटो आहे. कुणीतरी दिलेले बूट, एक नंबर मोठे. त्यात त्या हसून राहिल्यात, ते तेलुगूतलं हसू. तो फोटो मी वसतिगृहाच्या माझ्या टेबलावर काचेखाली ठेवलाय.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस हैदराबादच्या विमानतळावर मी आणि दिलीप त्यांना घ्यायला गेलो. मामा बारीक झाले होते, पण ताठ चालत होते. आत्याबाईंच्या हातात पिशव्यांचं ओझं, सगळ्यांनी दिलेलं काहीबाही. मामांनी गाडीत बसल्या बसल्या विचारलं, काढणी झाली का. दिलीप म्हणाला, झाली. पोतं किती पडलं, ओलं किती, असलं काही त्यांनी विचारलं नाही. दिलीपच्या खांद्यावर हात ठेवला आणि देगलूर येईपर्यंत झोपून घेतलं.

घरी आल्यावर चार दिवसांत हिंगाची डबी वीतभर सरकली. मला बरं वाटलं, हे खरं. महिन्याभराने पुन्हा वैतागही आला, तेही खरं. रोजच्या जगण्यात दोन्ही असतं. पण एक गोष्ट माझ्या आत तशीच पडून होती, आणि ती मी दोन वर्षं बोलले नव्हते.

परवा बालाजीरावांचा फोन आला, पुन्हा सेवेला येता का म्हणून. या वेळी दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत, म्हणजे तिकडचा उन्हाळा, पेरणीसकट. मामा म्हणाले, बघू. मी काहीच म्हटलं नाही. जीभ दातांत धरून ठेवली. काल संध्याकाळी आत्याबाई आणि मी ओट्याशी शेपू निवडत बसलो होतो. त्यांनी विचारलं, तू काय बोलत न्हाईस? तेव्हा मी सांगून टाकलं. मान वर न करता, एका दमात. की मागच्या वेळी तुम्ही गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. की मीच तुम्हाला ढकललं. की मामा खचले तेव्हा मला वाटलं, ही माझी शिक्षा.

त्या शेपूची एक काडी मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला बी."

मला कळलं नाही.

"मला बी सुटल्यावानी वाटलं. लगीन झाल्यापासून पयल्यांदा. पयल्या दिवशी उठले तर कुणाच्या मागं उभं राहायचं नव्हतं. ना माझ्या सासूच्या, ना तुझ्या." जुडी बाजूला सारून त्यांनी दुसरी ओढली. "तू ढकललं म्हणून गेले व्हय मी? मी तर वाट बघून राहिले होते, कुणीतरी ढकलावं म्हणून."

शेपूचा वास सगळ्या घरात भरला होता. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू. त्यांनाही. मामा बाहेरून विचारायला लागले काय झालं, तर त्या म्हणाल्या, तुमचं न्हाई.

मग कोथिंबीर आणायला आम्ही दोघी खाली उतरलो. जिन्यात काकू भेटल्या. त्यांना कुठून तरी कळलं होतंच. माझ्याकडे बघत म्हणाल्या, ऐकलं की पुन्हा पाठवून राहिलीस यांना. मी तोंड उघडलं, पण आत्याबाई दोन पायऱ्या पुढे होत्या. त्यांनी कठड्याला धरून काकूंकडे नीट बघितलं.

"ती न्हाई पाठवत," त्या म्हणाल्या. "मी चाललेय. ह्यांना बी संगं घेऊन चाललेय."